तुझं उघडतंय न्हवं?

मी माझ्या जावेवर जळते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचता वाचता एखाद्याला वाटायचं की आपण काहीतरी हुडकून काढलं. हुडकायचं काही नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, तिलाही माहीत आहे. फक्त कशावरून जळते ते लोकांना चुकीचं माहीत आहे. ती गोरी आहे, तिला पगार चांगला आहे, तिच्या खोलीत एसी आहे, यातल्या कशावरूनही मी जळत नाही. एसीवरून थोडी जळते, पण ती मे महिन्यात. खरी आग आहे ती तिच्या कॉम्प्युटरची.

कॉम्प्युटर कसला, डबाच तो. चांदीच्या रंगाचा, किलोभर गुळाच्या ढेपेएवढा. कुठं स्क्रू नाही, सांधा नाही, फट नाही, आवाज तर नाहीच. आत पंखा आहे म्हणतात, पण ती आंघोळीला गेली असताना मी कान लावून बघितला आहे, ऐकू येत नाही. घरी पावणं आलं की सासूबाई चहाच्या आधी तो दाखवतात. सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणतो. "ह्यो बगा धाकटीचा कंप्युटर. एवडासा हाय, पर आक्खी घरं मावत्यात आत." धाकटी घरांच्या आतल्या सजावटीचे नकाशे काढते, पुण्यातल्या एका कंपनीसाठी, घरी बसून. तेव्हा आत्यांचं म्हणणं तसं खरंच आहे. एकदा मलकापूरचे मामेसासरे आले होते. त्यांनी तो डबा हातात धरून उलटासुलटा केला आणि विचारलं, "झाकण कुठनं हाय ह्येचं?"

"झाकण न्हाईच त्येला," आत्या म्हणाल्या. झाकण नसणं ही जशी काही मोठी कमाईच होती. मी आतून चहा आणत होते, बशीत सांडला.

माझाही कॉम्प्युटर छोटाच आहे. तोही टेबलावर मावतो, स्क्रीनच्या मागं उभा राहतो. पण तो काळा, जाड शब्दकोशाएवढा, आणि माझ्याकडं येण्याआधी तो कुठल्यातरी ऑफिसात राबलेला. मोठी ऑफिसं अशी मशीनं एकदम लॉटनं काढतात, मग ती स्टेशन रोडच्या दुकानात येतात, आणि तिथून आमच्यासारख्यांच्या घरी. त्याच्या अंगावर त्या ऑफिसचा नंबराचा स्टिकर होता. मी खोबरेल तेल लावून घासला, तरी अर्धा राहिलाच. पाहुण्यांना तो कुणी दाखवत नाही. माझं टेबल आहे सोप्यात, चपलांच्या रॅकच्या शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेवर. मी तिथं बसून लग्नपत्रिका करते, शाळांच्या प्रश्नपत्रिका करते, कुणाची स्मरणिका आली तर ती करते. आणि त्याच खुर्चीवरून गवळ्याला दूध किती ते सांगते, कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि मांजराला हाकलते.

पण एक सांगते, या घरात मशीनचं कळतं ते मला. कामाला आलेले लोकसुद्धा विचारतात, "वहिनी, हे छोटे डबे घ्यावेत का हो? पुढं वाढवता येतात का?" मी त्यांना सांगते, आधी डबा उलटा करून बघा. मागं स्क्रू दिसला तर आशा आहे. झाकण सरकलं की आत पट्टीसारखी रॅम असते, ती खोबणीत बसवलेली असेल तर काढून मोठी घालता येते. डेटा साठवायची डिस्कही बदलता येते. पण त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, तो बहुतेक वेळा आहे तोच राहतो. बोर्ड किती रॅम घेणार हेही ठरलेलं असतं, त्याच्यापुढं नाही. आणि काही डब्यांना स्क्रूच नसतो. त्यांची रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली, दागिन्याला देतात तसा. तिथं जे काय घ्यायचं ते विकत घेतानाच घ्यायचं, नंतर काही होत नाही. धाकटीचा डबा असा डाग दिलेला.

माझ्यात पहिल्यांदा डिस्क बदलली. कॉम्प्युटर चालू करून मी भाजी निवडायला बसायचे, भाजी निवडून व्हायची तरी तो चालू होतच असायचा. दुकानदारानं डिस्क बदलताना मी शेजारी उभी राहून सगळं नीट बघितलं. पुढच्या वेळी दुसरी रॅम माझी मीच बसवली, माझ्या शिलाई मशीनच्या पिवळ्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरनं. पट्टी खोबणीत टेकवून खाली दाबली की 'टक' असा आवाज होतो. मला तो आवाज फार आवडला. नवरा शेजारी उभा राहून बघत होता. "आयला, तू तर इंजिनेर झालीस की," तो म्हणाला. मी दिवसभर हवेत होते.

त्या कौतुकाचा फास झाला, हे कळायला मला उशीर लागला.

झालं असं की, एका शाळेच्या अमृतमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडं आली. आतापर्यंतचं माझं सगळ्यात मोठं काम. जुने ग्रुप फोटो, प्रत्येक वर्गाचे, मोठे मोठे स्कॅन करून दिलेले. एका पानावर तसे चार फोटो ठेवले की माझा डबा गोठायचा. माउस फिरत राही, बाकी सगळं थंड. मी एका सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणाला विषय काढला. दीर-धाकटी, आत्या, नवरा, सगळे बसले होते. मी वाढत होते.

"मला नवीन कॉम्प्युटर पाहिजे," मी म्हटलं.

"का? बंद पडलाय काय?" नवरा.

"बंद नाही. पण ओढत नाही आता."

"मग वाढवून घे की रॅम. तुझं उघडतंय न्हवं?"

"एकदा वाढवली की. सारखं ठिगळ लावत बसू काय?"

यावर आत्या बोलल्या. त्या वाईट बाई नाहीत, त्यांना जसं दिसतं तसं त्या बोलतात. "धाकटीचं न्हाय उघडत गं. म्हणून तिला पयल्यांदाच मोठं घ्यावं लागलं. तुजं काय, कवाबी वाडवता येतंय. बरं हाय की."

धाकटीनं मान खाली घालून भाकरी मोडली. मी आत गेले आणि तव्यावरची भाकरी उलटायची सोडून तिथंच उभी राहिले, कारण आत्यांनी एका वाक्यात माझा सगळा संसार सांगितला होता.

धाकटीच्या लग्नाची बैठक मला आठवते. तिनं स्वतः सांगितलं होतं, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता. मी काम सोडणार नाही. मला दार लागणारी वेगळी खोली पाहिजे. सकाळचा स्वयंपाक माझ्याच्यानं होणार नाही, संध्याकाळी मी करेन. बैठकीत पानसुपारीचं ताट कुणी पुढं सरकवेना. दिराला हीच मुलगी पाहिजे होती, म्हणून सगळं कबूल झालं. तिच्यासाठी वर खोली बांधली, तिला दार बसलं, दाराला आतून कडी बसली. ती सकाळी कामाला बसली की आत्यासुद्धा दारावर टकटक करत नाहीत.

माझ्या बैठकीत कुणी अट विचारली नव्हती. पेठ वडगावला, माहेरच्या अंगणात सतरंजीवर झाली ती. माझे वडील म्हणाले, "आमचं काय म्हणणं न्हाई. पोरगी समदं सांभाळून घील." तेवढं म्हणून त्यांनी माझं झाकण सरकवून ठेवलं. मग या घरानं एकेक पट्टी आत घातली. आधी सकाळचा स्वयंपाक, मग सासऱ्यांचं शेवटचं आजारपण, मग सणवार, मग पाव्हणं. शेवटी हे काम, तेही चपलांच्या शेजारी बसून. प्रत्येक वेळी 'टक' आवाज झाला आणि मी चालत राहिले. चालतंय म्हटल्यावर नवीन कोण कशाला घेईल? मला धाकटीचा डबा हवा होता तो चांदीच्या रंगासाठी नाही. तिला एकदाच विचारावं लागलं आणि तिला एकदाच सगळं मिळालं, याची मला आग होती. मला एकदा तरी या घरात, कोणाच्या ऑफिसातनं न उतरलेली, फक्त माझ्यासाठी घेतलेली नवीन वस्तू पाहिजे होती.

पण बोलणार कुणाला? गेले दुकानात. दुकानदार म्हणाला, "वहिनी, दोन्ही पट्ट्या काढून मोठ्या घालूया. पण हे शेवटचं बरं का. याच्यापुढं ह्यो बोर्ड घेत न्हाई." मला जरा बरंच वाटलं. म्हटलं, यानंतर तरी कुणी म्हणणार नाही, वाढवून घे.

पट्ट्या घेऊन आले. बसवायला बसले तो रविवार खेट्याचा होता. माघ पौर्णिमेनंतरचे रविवार आमच्याकडं सगळे जोतिबाला जातात, त्याला खेटे म्हणतात. डोंगरावरून गुलाल आणि खोबरं घेऊन येतात. आल्यावर देवाला गुलाल लागतो, मग गाडीला, तिजोरीला, आणि ज्याच्यावर घरच्या माणसाचं पोट आहे त्या हत्याराला. सासरे होते तोवर उसाच्या कोयत्याला लागायचा. आता आमच्या दोघींच्या कॉम्प्युटरला लागतो. बोटानं टिळा लावण्याची रीत नाही आत्यांची. मूठ भरून उधळायचा, तोंडानं चांगभलं म्हणायचं. धाकटीचा डबा बंद, वरनं गुलाबी होतो आणि ओल्या फडक्यानं पुसला की परत चांदीसारखा. माझा फटींचा, पण मी दरवेळी आधीच वर टॉवेल टाकून ठेवायचे.

नवरा, दीर आणि आत्या पहाटेच डोंगरावर गेले होते. धाकटीची पुण्याच्या लोकांबरोबर मीटिंग होती, रविवारीसुद्धा, त्यामुळं ती दार लावून आत. आणि मी पुरण शिजत टाकून सोप्यात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसले, कारण दुसऱ्या दिवशी स्मरणिकेची पहिली पानं शाळेला दाखवायची होती. वायर काढली, मागचा स्क्रू काढला, झाकण पुढं सरकवून बाजूला ठेवलं. जुन्या पट्ट्या काढल्या. नव्यातली एक बसवली. टक. दुसरी हातात घेणार, तोच पुरण लागल्याचा वास आला. मी तशीच उठून आत पळाले. गॅस बारीक केला, पुरण ढवळलं, हात पुरणानं बरबटले, ते धुवायला मोरीत गेले. टॉवेल टाकायचं डोक्यातच आलं नाही. ते एवढ्या लवकर येतील असं वाटलं नव्हतं. एरवी जेवणाची वेळ टळून जाते.

मोरीत होते तेव्हा दारात गाडी थांबलेली ऐकू आली. मग आत्यांचा आवाज, "चांगभलं!" आणि मी हात तसेच ओले घेऊन बाहेर आले.

माझा डबा उघडा पडला होता आणि आत सगळा गुलाल. बोर्ड दिसत नव्हता. पंख्याची पाती गुलाबी, रिकामी खोबण गुलालानं गच्च, कडेला खोबऱ्याचा एक तुकडासुद्धा. आत्यांचा हात अजून वरच होता.

"आत्या!" मी ओरडले.

"का गं?"

"झाकण काढलंय त्याचं! दिसत नाही?"

"मला काय म्हायती बाई. मी आपलं चांगभलं म्हणून टाकलो की." त्या घाबरल्या होत्या. सत्तरीला आलेली बाई, डोंगर चढून उतरून आलेली, तिला मी काय बोलणार? मला रडू यायला लागलं आणि ते मला अजिबात आणायचं नव्हतं. नवरा मागून आला. त्यानं डब्यात डोकावून बघितलं. माझ्याकडं बघितलं नाही.

"काय होत न्हाई," तो म्हणाला. "पूस. तुझं उघडतंय न्हवं?"

तेवढ्यात वर जाऊन, सणाचं म्हणून दार वाजवून, आत्यांनी धाकटीच्या डब्यालाही गुलाल लावला. तिनं मीटिंग चालू असतानाच फडकं फिरवलं म्हणे. झालं तिचं. मला कळलं ते ती खाली आली तेव्हा, फडकं हातात होतं. डब्याकडं तिनं एकदा बघितलं. परत वर गेली आणि तिचं केस वाळवायचं मशीन घेऊन आली.

"थंड हवेवर ठेवूया, अक्का," ती म्हणाली. ती मला अक्का म्हणते. "गरम नको."

आम्ही दोघी डबा घेऊन मागच्या अंगणात बसलो. बाकीचे आत पोळ्या जेवत होते. दीर वाढत होता, हे नवीनच. धाकटी हवा मारत होती आणि मी घरातल्या जुन्या रंगपेटीतल्या ब्रशनं खोबणीतला गुलाल काढत होते. दोघींचे हात, नाक, पापण्या, सगळं गुलाबी. तिच्याबरोबर एवढा वेळ एका कामाला मी पहिल्यांदाच बसले होते. मी पट्टीची सोनेरी कड खोडरबरानं घासायला लागले तेव्हा तिनं विचारलं, हे कशाला? मी सांगितलं, कडेवर मळ असला की पट्टी लागत नाही. ती ते ऐकून घेत होती, खरंच ऐकून घेत होती.

"तुमचं बरं आहे, अक्का," ती मग म्हणाली.

माझ्या हातातला ब्रश थांबला. "बरं? हे बरं?"

"म्हणजे हवं तेव्हा काढता येतं, घालता येतं. माझा भरला. मागच्या दिवाळीपासून रखडतोय. बाहेरनं डिस्क लोंबकळत ठेवून काम करते. मोठा घेऊया म्हटलं, तर हे म्हणतात, घेताना का नाही सांगितलंस? तेव्हा तुला पाहिजे तेवढं घेतलं की." तिनं मशीन दुसऱ्या हातात घेतलं. "मला सगळ्याच बाबतीत हेच ऐकावं लागतं. लग्नात एवढं मागितलंस ना, आता काय अजून?"

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खरं सांगते, त्याच्या आधी मला बरं वाटलं. तिचा चांदीचा डबा रखडतो, हे ऐकून मला गुलालात बसूनसुद्धा गार वाटलं.

शेवटचा कोपरा राहिला, तिथं समोरून ब्रश पोचेना, डावीकडूनच घालावा लागला असता. मी नाद सोडला. दुसरी पट्टी खोबणीत टेकवून दाबली. टक. झाकण न लावताच वायर जोडली, अंगणातल्या विजेच्या बोर्डाला, आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पहिल्यांदा आतून गुलालाचा एक भपकारा आला, दोघींच्या तोंडावर. मग पुढचा पांढरा दिवा लागला, आणि लागूनच राहिला. चालू झाला होता. एवढा गुलाल खाऊनसुद्धा चालू झाला होता. धाकटी टाळी वाजवणार, तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला.

"झालं काय? चालतंय न्हवं?"

मी त्या दिव्याकडं बघितलं. आता हो म्हटलं की झालं. आता हो म्हटलं की स्मरणिका याच्यावर, पुढची पत्रिका याच्यावर, सगळं याच्यावर, तो आणि मी मरेपर्यंत. मी वायर ओढून काढली. दिवा गेला.

"न्हाई," मी मोठ्यानं म्हटलं. "न्हाई चालत. गेला."

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावर गुलाल होता. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि या घरात मी कायमची खोटारडी ठरणार. ती उठली, केस वाळवायच्या मशीनची वायर गुंडाळली आणि दारातून आत बघत म्हणाली, "हो भावजी, गेलाच तो. बोर्डच गेला. आता काही करता येणार नाही."

आत्यांनी गुलाल टाकला होता, त्यामुळं 'पूस' म्हणायलाही आता जागा उरली नाही. आत्याच म्हणाल्या, "थोरलीला नवा आण रे. आजच आण."

नवा येईपर्यंत मी धाकटीच्या खोलीत बसून स्मरणिकेची पानं लावली. मी प्रत्येक काम पेन ड्राइव्हवर ठेवत असल्यामुळं काही गेलं नव्हतं. तिनं दाराला कडी लावली. मीठ कुठं आहे, बेल कुणाची वाजली, पंप कुणी बंद करायचा, कुणी काही विचारायला आलं नाही. मी एका बैठकीत एवढं काम आयुष्यात केलं नव्हतं. त्या दाराचीच मला सगळ्यात जास्त आग लागली, हे मी तिला सांगितलं नाही. माझे ग्रुप फोटो उघडताना तिचा डबा मात्र धापा टाकायला लागला, आणि त्याच्या पंख्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

नव्या मशीनच्या दुकानात गेल्यावर तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आता साधा घ्या, पुढं लागेल तशी रॅम वाढवू."

"पुढं काही नाही," मी म्हटलं. "जेवढं बसतंय तेवढं आत्ताच घाला. न उघडणारा दाखवा."

"त्यात नंतर काही करता येणार नाही बरं का."

"तेच पाहिजे."

नवरा शेजारी उभा होता. त्यानं पाकीट काढलं. नवा डबा आला, पांढरा, बिनझाकणाचा, बिनआवाजाचा. मी सगळ्यांना सांगितलं, याला गुलाल नको, नमस्कार पुरे. माझी स्मरणिका छापून झाली, शाळेत लोकांनी ती हातात घेऊन आपापले वर्ग हुडकले. मला वाटलं, आता संपलं. आता कुणावर जळायचं कारण उरलं नाही.

तिच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, एक दिवस धाकटी म्हणाली, "अक्का, तुमचा जुना भंगारात देणार असाल तर मला द्या ना." तो चालतो, हे माहीत असलेली घरातली दुसरी व्यक्ती तीच. नाही कसं म्हणणार? दिला. वर पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हरही दिला. तिनं शिकवा म्हटलं म्हणून शिकवलंही, स्क्रू कुठला, झाकण कसं सरकवायचं, पट्टी कशी दाबायची. पहिल्यांदा टक झालं तेव्हा ती माझ्याकडं बघून हसली. तिनं त्याच्यात मोठी डिस्क घातली आणि सगळे नकाशे त्याच्यात ठेवायला लागली. तिचा चांदीचा डबा मोकळा झाला, परत वाऱ्यासारखा पळायला लागला. नवं काही मागावंही लागलं नाही.

पुढच्या रविवारी आत्या तिच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी टेबलावर तो काळा डबा बघितला, अर्धा स्टिकर, दिवा लागलेला.

"ह्यो थोरलीचाच न्हवं? मेलता की ह्यो!"

धाकटीनं दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं. ती काय सांगणार होती? तो मेला नव्हता म्हणावं, तर माझा नवा डबा गोत्यात. "केला चालू, आत्या," ती म्हणाली, हळू आवाजात.

तेव्हापासून आमच्याकडं पावणं आलं की चहाच्या आधी काळा डबा दाखवला जातो. "थोरलीनं टाकून दिल्यालं मशीन. बोर्डच गेलता. धाकटीनं उघडून जित्तं केलं. डोस्कं लागतंय त्येला." मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. त्यातली प्रत्येक पट्टी मी बसवली आहे. खोडरबर मी घासलं आहे. अंगणात तो सुरू झाला तो माझ्या हातानं. आणि मला एक अक्षर बोलता येत नाही. नवरासुद्धा परवा म्हणाला, "शिकून घे जरा तिच्याकडनं." त्या दिवशीची भाजी खारट झाली, ती चुकून झाली नव्हती.

धाकटी स्वयंपाकघरात मागून आली. "अक्का, खरं सांगून टाकू का त्यांना?"

"गप बस," मी म्हटलं.

माझा नवा डबा सोप्यात असतो. काही आवाज करत नाही. वरून मात्र जुन्याच्या पंख्याचा आवाज येतो, दार बंद असलं तरी येतो. त्या शेवटच्या कोपऱ्यात गुलाल राहिलेला आहे. काम जास्त पडलं की तो घुरघुरायला लागतो, तेव्हा झाकण सरकवून डावीकडून ब्रश फिरवायचा असतो. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.